चार सरळ फुल्या

लेकीच्या दाराचं कुलूप बदललेलं आहे, हे हातातल्या बॅगा खाली ठेवायच्या आधीच मला दिसलं.

चार वर्षांपूर्वी त्या दोघांनी परदेशात हे घर घेतलं, तेव्हा मी स्वतःच्या हातानं बनवलेलं पितळी कुलूप सामानात घालून आणलं होतं. विमानतळावरच्या माणसानं ते चारदा उलटंपालटं करून पाहिलं, पण मी आणलंच. दाराला मीच बसवलं, लेकीनं एकेक स्क्रू हातात दिला. किल्ल्या दोनच केल्या. तिची गोल डोक्याची, जावयाची चौकोनी. आता त्या जागी बाजारातलं, कुठल्याही दुकानात टांगलेलं असतं तसं चकचकीत कुलूप होतं.

"माझं कुठे गेलं?" मी विचारलं.

"गंजलं, बाबा," लेक म्हणाली आणि बॅग उचलायला वाकली.

पितळ काळं पडतं, हिरवं पडतं, पण गंजत नाही. हे तिला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. शाळा सुटली की ती माझ्या दुकानातच बसायची. म्हणजे ती खोटं बोलत होती, आणि तेही माझ्याशी, कुलपाबद्दल! मी नव्या कुलपाकडे नीट पाहिलं. चार स्क्रू, चारही फुलीचे, आणि चारही फुल्या सरळ, अधिकाच्या चिन्हासारख्या. बसवणाऱ्याला काम कळत होतं, एवढं मी मनातल्या मनात मान्य केलं आणि गप्प बसलो. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हृदयात दोनच महिन्यांपूर्वी दोन स्टेंट बसवलेत. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं.

पण गप्प बसलो म्हणजे कान बंद केले असं नाही. पंचेचाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाला झोपेतही खटका ऐकू येतो. रोज रात्री दहाच्या सुमाराला आम्ही आमच्या खोलीत गेलो की दार एकदा उघडायचं आणि बंद व्हायचं, बस. पुन्हा उघडायचं नाही. मग सकाळी सहाला हलकीशी टकटक, लेक दार उघडायची, आणि जावईबापू दुधाची पिशवी घेऊन आत. "फिरून आलो, बाबा." रोज! मागच्या खेपेला हा माणूस आठ वाजल्याशिवाय पांघरुणातून नाक बाहेर काढत नव्हता.

म्हणजे रात्री हा घरात नसतो. मग कुठे असतो? बायकोला घरात ठेवून रात्री बाहेर जाणारा नवरा कुठे जातो, हे काही मला शिकवायला नको. आणि माझं कुलूप का काढलं तेही मग कळलं. त्याचा खटका खणखणीत होता, अख्ख्या घराला ऐकू जायचा. चोरपावलांनी जाणाऱ्याला असलं कुलूप कसं परवडेल? एकच गोष्ट मला उलगडत नव्हती. स्वतःच्या सोयीसाठी कुलूप बदललं, तर सकाळी किल्ली लावून आत का येत नाही? टकटक कशाला?

माझ्या लेकीचा संसार कोणीतरी पोखरतंय, ते कोण आणि किती, हे मला घरी परतायच्या आत शोधून काढायचं होतं. तेही हिला कळू न देता. नवव्या दिवशी लेक म्हणाली, "उद्या सगळे मिळून शहराचं संग्रहालय बघू या. तिथे जुन्या कुलपांचं एक दालन आहे, बाबा. खास तुमच्यासाठी." लेकीचा आवाज इतका गोड झाला की मला आणखीनच संशय आला. लहानपणी काही फोडलं की ती अशीच गोड बोलायची.

बसमध्ये आम्हा दोघांना पुढे बसवून ती दोघं मागे बसली. मागे? नाही, मी मान वळवून पाहिलं. लेक खिडकीपाशी, जावई तिच्या पलीकडच्या रांगेत. मधून माणसं जात-येत होती. त्याच्या मांडीवर हिची औषधांची पिशवी, पाण्याची बाटली आणि माझी टोपीसुद्धा. सगळ्यांचं ओझं घेऊन बसला होता. दोषी माणूस असाच पडेल ते काम करतो, मी म्हटलं.

"एवढं काय मान मोडून बघताय?" ही म्हणाली.

"शहर बघतोय."

"शहर पुढे आहे."

संग्रहालयाच्या दारात तपासणी होती. खिशातलं सगळं एका ट्रेमध्ये काढून ठेवायचं. मी चष्मा ठेवला, भिंग ठेवलं, छोटी बॅटरी ठेवली, तरी यंत्र ओरडलं. मग मला गळ्यातला काळा दोरा काढून द्यावा लागला. त्यात आमच्या घराची किल्ली असते. आमच्या घराला एकच किल्ली आहे. ही दुसरी मागते तेव्हा मी म्हणतो, तू कुठे एकटी जातेस? पहारेकरीण बाईंनी ती किल्ली दोन बोटांत धरून उजेडात फिरवून पाहिली. मी हात पुढे करूनच उभा राहिलो. माझी किल्ली परक्या हातात अर्धा मिनिट राहिली, तेवढ्यात मला घाम फुटला.

"अजून गळ्यातच का, बाबा?" लेक हसून म्हणाली.

"घर उघडं टाकायचं नसतं."

ती एकदम गप्प झाली. माझ्याकडे न बघता तिकिटांकडे वळली. मी असं काय वावगं बोललो? पण ही माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मला ओळखीची होती. सहा वर्षांपूर्वी चार दिवस ती माझ्याशी त्याच नजरेनं बोलत होती, तोंडानं एक शब्द नाही.

तेव्हाचं सांगूनच टाकतो. माझ्या बहिणीची मुलगी नवऱ्याला सोडून निघाली आणि एक बॅग घेऊन आमच्या दारात आली. मामाकडे येईल नाहीतर कुठे जाईल? मी दारातच म्हणालो, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या मुलीला या घरात जागा नाही. दार लावलं, कुलपाचा खटका पडला. शिस्त म्हणून केलं. निदान तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत होतो. पोर पुढे कुठे गेली, कशी राहिली, मी विचारलं नाही. हिला ठाऊक असावं, पण तिनंही सांगितलं नाही.

संग्रहालय तसं बरं होतं. जुन्या शहरातलं एक स्वयंपाकघर मांडलेलं, एक न्हाव्याचं दुकान, एक शिंप्याची खोली, छापखान्याचं यंत्र. ही प्रत्येक ठिकाणी थांबून "आपल्यासारखंच की" म्हणायची. मी मात्र काचेच्या पेट्यांकडे कमी आणि काचेतल्या जावयाकडे जास्त बघत होतो. त्याचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा तो लांब जाऊन बोलला. दुसऱ्या वेळेला मी छापखान्याच्या यंत्रामागून सरकत सरकत जवळ गेलो, तर मागून कोणीतरी खाकरलं. तीच पहारेकरीण. मी यंत्राचा दांडा काढून नेणार आहे, अशी तिची खात्री झालेली दिसत होती. त्यानंतर ती माझी पाठ सोडीना. मी जावयाच्या मागे, ती माझ्या मागे. अशी आमची वरात कुलपांच्या दालनापर्यंत गेली.

दालन सुंदर होतं, उगाच नाव ठेवणार नाही. भिंतीला जुनी दारंच्या दारं उभी केलेली आणि प्रत्येकावर त्याचं मूळ कुलूप. मी भिंग काढलं. पहारेकरीण दोन पावलं पुढे आली. मी बॅटरी काढली. ती आणखी दोन पावलं आली. एका दाराच्या लोखंडी पट्टीवर मी वाकलो आणि माझ्या तोंडातून "अरेरे" निघालं. काम मजबूत, पण स्क्रूंच्या खाचा दाही दिशांना.

"बघ ना, आई," मागून लेक म्हणाली, "खाचा कशा वेड्यावाकड्या. बाबांनी या माणसाला दुकानातून हाकललं असतं. मला सगळे स्क्रू परत फिरवायला लावायचे. खाच असेल तर उभी, फुली असेल तर अधिकासारखी सरळ. गुणाकार दिसला की टपली!"

ही हसली. मी वाकलेला तसाच राहिलो.

अधिकासारखी सरळ. चार फुल्या, चारही सरळ. माझ्या धंद्यात असं कोणी करत नाही. स्क्रू घट्ट बसला की लोक पुढच्या कामाला लागतात. हा माझा नाद, माझ्या बापाचा नाद, आणि आमच्या दुकानात बसलेल्या एका मुलीचा. ते कुलूप जावयानं बदललेलं नव्हतं. माझं कुलूप माझ्या लेकीनं तिच्या हातानं काढलं आणि तिच्या हातानं नवं बसवलं होतं. नवऱ्याला बाहेर ठेवायला.

बाई स्वतःच्या हातानं नवऱ्यासाठी दार बंद करते, तेव्हा आत काय झालेलं असतं? मी लेकीची मनगटं पाहिली. मान पाहिली. भिंगातून नाही पाहिली एवढंच. कुठे काही दिसलं नाही, पण न दिसणारंही असतंच. माझ्या हातापायांत संताप भरला. या माणसानं माझ्या पोरीला हात लावला असेल, तर पहारेकरणीची शंका मी खरी करून दाखवणार होतो. तिथले सगळे दांडे लोखंडीच होते.

ही आणि लेक चहा प्यायला खाली गेल्या. "गुडघा दुखतोय, मी इथेच बसतो," मी म्हणालो, आणि जावयाला थांबवून घेतलं. आम्ही दोघं बाकावर बसलो. समोर एक बंद दार, पलीकडे पहारेकरीण.

"मी घरी जातो," मी म्हणालो. "बस ठाऊक आहे मला. घराची किल्ली द्या."

"मी सोडायला येतो ना, बाबा."

"सोडायला कशाला? किल्ली द्या."

त्याचा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. मग त्यानं जुडगा बाहेर काढला. गाडीची एक, कुठलीशी पातळ एक, आणि चौकोनी डोक्याची पितळी किल्ली. कानस मारताना डाव्या कोपऱ्याला माझा हात थोडा घसरला होता, ती खूणसुद्धा तिच्यावर होती.

"ती द्या की. चौकोनी."

"ती चालणार नाही, बाबा."

"ठाऊक आहे. मीच केलीय ती."

त्यानं मान खाली घातली. माझ्या धंद्यात एक रीत आहे. कोणी येऊन म्हणतं, किल्ली हरवली, दार उघडून द्या. तो मालक की चोर, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: दाराच्या आत उजव्या हाताला काय आहे? मालक विचार न करता सांगतो. चोर डोळे फिरवतो. पंचेचाळीस वर्षांत मी दोनदाच चुकलोय.

"स्वयंपाकघरात चमचे कुठल्या खणात असतात?" मी विचारलं.

माझ्याकडे सरळ बघत तो म्हणाला, "आठ महिन्यांपूर्वी वरच्या खणात असायचे. आता नाही माहीत."

डोळे फिरवले नाहीत त्यानं. मला तिथेच कळलं की हा चोर नाही. पण मालकही नाही.

"रात्री कुठे जाता?"

"माझ्या खोलीवर. दोन स्टॉप पुढे आहे."

"कोण असतं तिथे?"

"कोणी नाही. एकटाच असतो."

"हात उगारलात का कधी तिच्यावर?"

"नाही, बाबा. भांडलो असतो तर कदाचित बरं झालं असतं. आम्ही दोन वर्षं नुसते एकमेकांना वाट देत घरात फिरत होतो. मीच आधी म्हणालो की असं नको. मागच्या महिन्यात घटस्फोटाचे कागद झाले."

"आणि कुलूप?"

"मी बाहेर पडल्यावर दोनदा न विचारता आलो होतो. पुस्तकं न्यायला. ती म्हणाली, मग हे माझं घर कसं? तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी बदललं तिनं."

"मग हे रोज सहाचं दूध? हे सगळं नाटक?"

"तिनं विचारलं, एकवीस दिवस येशील का. आईंना धक्का नको म्हणून." तो किल्लीशी चाळा करत होता. "आणि तुमची भीती."

"माझी? मी काय वाघ आहे?"

"तुम्ही तुमच्या भाचीला दारातून परत पाठवलंत, तेव्हा ती घरात होती ना. तुमच्या मागेच उभी होती म्हणे. तो खटका तिला अजून ऐकू येतो, असं ती म्हणते."

मला लाज वाटली, आणि ती नुसती वाटली नाही, अंगभर पसरली. मी नऊ दिवस चोर शोधत होतो. या पोरानं नऊ दिवस पहाटे उठून, दोन स्टॉप चालत येऊन, जिच्याशी आता काही नातं उरलं नाही तिच्या बापाची टोपी मांडीवर घेतली होती. आणि माझी लेक माझ्या दाराला घाबरत होती.

त्यानं चौकोनी किल्ली जुडग्यातून सोडवून माझ्यापुढे धरली. "ही तुम्हाला परत द्यायची होती."

"ठेवा," मी म्हणालो. "तुमच्यासाठी केलेली आहे. कुलूप गेलं म्हणून किल्ली परत घेत नसतो मी." आवाज नको तेवढा मोठा निघाला. पहारेकरीण पुन्हा दोन पावलं पुढे आली.

परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं. लेकीला एकटीला गाठायचं, सांगायचं, पण हिच्या कानावर एक अक्षर नको. दोन स्टेंट म्हणजे गंमत नाही.

दारापाशी नेहमीचा क्रम झाला. लेकीनं किल्ली लावली, जावई दोन पावलं मागे पिशव्या सांभाळत उभा. सगळे आत आलो. ही खुर्चीवर टेकली, चपला काढल्या, आणि शांतपणे म्हणाली,

"तुम्ही आता तुमच्या घरी जा हो, जावईबापू. आज फार दमलात. आणि उद्यापासून ते पहाटेचं येणं बंद करा. रविवारी जेवायला या, नीट पाहुण्यासारखे."

लेकीच्या हातातली किल्ली फरशीवर पडली. माझा हात आपोआप हिच्या पाठीमागे गेला, आता ही कोसळणार म्हणून.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? पहिल्याच दिवशी यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. 'आई, पाणी मिळेल का?' स्वतःच्या घरात कोण पाणी मागतं?" मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही मागे हात काय धरलाय? मला काही होत नाही. मी तुमच्या काळजीनं गप्प होते. तुमचं ब्लडप्रेशर!"

जावई वाकून नमस्कार करायला लागला, तर हिनं त्याला मध्येच धरलं आणि डोक्यावरून हात फिरवला. तो पिशव्या टेबलावर ठेवून, "येतो" म्हणून निघून गेला. दार लागलं. या नव्या कुलपाचा खटका अगदीच हलका आहे. काम वाईट नाही.

लेक भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, आता हा काय बोलतो म्हणून. ती तेव्हा माझ्या मागे उभी असताना तिचा चेहरा कसा होता, ते मी पाहिलेलं नव्हतं. आज पाहिलं.

मला बोलता येत नाही असलं काही. मी गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला आणि किल्लीसकट तिच्या हातात ठेवला.

"ही आपल्या घराची," मी म्हणालो. "कधीही ये. राहायला ये. विचारायची गरज नाही."

तिनं किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग मात्र तिचा बांध फुटला.

"आणि ताई?" तिनं रडत रडतच विचारलं. भाचीला ती ताई म्हणते.

"तिच्यासाठीही एक करतो. परत गेल्या गेल्या." मी हिच्याकडे बोट दाखवलं. "तिचा पत्ता तुझ्या आईला ठाऊक असेलच. तिला सगळंच ठाऊक असतं."

"मलाही एक करा," ही खुर्चीतून म्हणाली. "पण आधी हे सांगा, हिला दिलीत ती एकच होती ना? मग परत गेल्यावर आपण आत कसं जायचं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण दिलेली किल्ली परत मागायची म्हणजे काय?

"मी कुलूपवाला आहे," मी म्हणालो. "मी काहीतरी खटपट करून उघडीन. पोरीनं किल्लीनं यायचं."